शनिवारी उघडणारी घरे

मराठीत ‘इस्टेट’ हा शब्द कानी पडला, की डोळ्यांपुढे शेतीवाडी, वाडा, दागदागिने आणि बहुधा त्यावरून कोर्टात चाललेला एखादा दावाही उभा राहतो. अमेरिकेतील ‘इस्टेट सेल’मध्ये मात्र या भारदस्त शब्दाखाली अर्धी उरलेली साबणाची बाटली, दोरीने बांधलेले मासिकांचे गठ्ठे, एका पायाने लंगडणारे स्टूल आणि हातरुमालांचा खणसुद्धा येतो. माणूस जे मागे ठेवून जातो ते सर्व, एवढाच तिथे त्या शब्दाचा अर्थ. घरातील वस्तू घरातच ठेवायच्या, प्रत्येकीला किमतीची चिठ्ठी लावायची आणि शुक्रवार ते रविवार असे दोन-तीन दिवस घराचे दार येईल त्याला उघडे करायचे, अशी ही रीत आहे.

नको झालेल्या वस्तू अंगणात मांडून विकण्याची ‘गराज सेल’ नावाची रीत निराळी. तिथे घरमालक स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो आणि काय विकायचे, काय राखायचे हे तोच ठरवतो. इस्टेट सेलमध्ये तो खुर्चीवर नसतो. बहुतेक वेळा त्याचे निधन झालेले असते. कधी वार्धक्यामुळे तो सेवानिवासातील एका खोलीत राहायला गेलेला असतो आणि त्या खोलीत मावेल तेवढेच त्याच्याबरोबर गेलेले असते. मागे राहिलेले घर पाहण्यासाठी, चाचपण्यासाठी आणि थोडेथोडे उचलून नेण्यासाठी शनिवारी सकाळी रस्त्यावर रांग लागते.

ही घरे पाहायची तर शिकागो शहरापासून पश्चिमेकडे जाणारा रस्ता धरावा. झाडाच्या खोडात जशी वर्षावर्षांची वर्तुळे उमटतात तशी या शहराभोवती घरांची वर्तुळे आहेत. आतल्या वर्तुळात विटांचे ‘बंगले’ येतात. हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. पण मराठी माणसाच्या मनातील ऐसपैस बंगल्याशी त्यांचे नाते नाही. अरुंद दर्शनी भाग, दीड मजला, उतरते बुटके छप्पर आणि समोर रंगीत काचांच्या खिडक्या असलेले हे कामगार-कारकुनांचे घर. १९१० ते १९४० या काळात शिकागोत अशी सुमारे ८०,००० घरे उभी राहिली. सिसेरो आणि बर्विन या लगतच्या गावांतही त्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. तिथे बोहेमियातून आलेले चेक लोक मोठ्या संख्येने राहत. त्या भागातून जाणाऱ्या हमरस्त्याला १९३३ मध्ये गोळी लागून मरण पावलेल्या शिकागोच्या चेक महापौराचे, अँटन सर्माक यांचे, नाव आहे. त्यापलीकडे डेस प्लेन्स, माउंट प्रॉस्पेक्ट या बाजूला दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली लांबट, बैठी, एकमजली घरे लागतात. आणखी पुढे शॉमबर्ग, नेपरव्हिल येथे सत्तर-ऐंशीच्या दशकांतील दुमजली घरे, पुढे दोन मोटारींची गराज आणि मागे हिरवळ.

सगळ्यांत कुतूहलाची घरे एल्जिन आणि डाउनर्स ग्रोव्ह या जुन्या गावांत सापडतात. शिकागोच्या सिअर्स या व्यापारी पेढीने १९०८ ते १९४० या काळात चक्क टपालाच्या कॅटलॉगमधून घरे विकली. गिऱ्हाइकाने चित्र पाहून घर निवडायचे, मग तुळया, दारे, खिळे आणि रंग असे सगळे मालगाडीच्या डब्यातून जवळच्या स्टेशनावर येऊन पडायचे. अशी सत्तर हजारांच्या वर घरे विकली गेली. विक्रीच्या दिवशी तळघरात उतरल्यावर तुळयांवर छापलेली अक्षरे आणि आकडे अजून दिसतात. कोणती तुळई कोणत्या जागी बसवायची याच्या त्या खुणा. ज्यांना हे ठाऊक असते ते टॉर्च घेऊन येतात, काहीही विकत न घेता तासभर छताकडे पाहतात आणि समाधानाने परत जातात.

विक्रीची जाहिरात छायाचित्रांसह आठवडाभर आधी येते. पत्ता मात्र बहुधा आदल्या दिवशीच कळतो, कारण रिकाम्या घराचा पत्ता चार दिवस आधी जाहीर करणे म्हणजे चोराला आमंत्रण. सकाळी चौकाचौकांत बाणाच्या पाट्या रोवल्या जातात. नऊला दार उघडायचे असेल तर सात-साडेसातलाच पहिली मंडळी येऊन पोचलेली असतात. कागदावर नावे लिहून क्रमांक घेतात आणि थर्मासमधील कॉफी पीत मोटारीत बसून राहतात. घर लहान असेल तर एका वेळी पंधरा-वीस माणसेच आत सोडतात. एक बाहेर आला की एक आत. वैद्यांकडील गर्दीसारखी ही व्यवस्था निमूटपणे पाळली जाते. क्रमांकावरून हुज्जत झालीच तर ती जुने फर्निचर विकणाऱ्या दोन व्यापाऱ्यांत होते.

या सगळ्याची मांडामांड करणारे व्यावसायिक असतात. वारसांनी हवे ते आधी नेलेले असते. उरलेल्या घरात हे लोक काही दिवस राबतात: कपाटे रिकामी करतात, भांडी टेबलांवर मांडतात, औषधे आणि बँकेची कागदपत्रे बाजूला काढतात, प्रत्येक वस्तूची किंमत ठरवतात. विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका किंवा त्याहून थोडा अधिक त्यांचा मोबदला असतो. पहिल्या दिवशी लिहिलेली किंमत. दुसऱ्या दिवशी पाव-तृतीयांश सूट. शेवटच्या दिवशी दुपारनंतर निम्म्याला आणि मग मिळेल त्याला. घासाघीस करणाऱ्याने रविवारी यावे, वस्तू हवी असणाऱ्याने शुक्रवारी. दोन्ही साधायला येणारे लोक बहुधा रिकाम्या हाताने परततात.

दार उघडताच पहिल्या दहा मिनिटांत जो धावा होतो तो व्यापाऱ्यांचा. त्यांना घर दिसत नाही, मालच दिसतो. चांदीचे चमचे, जुनी घड्याळे, तळघरातील हत्यारे यांकडे ते सरळ जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचे पोट त्यावर आहे. पण ज्याला घर पाहायचे आहे त्याने हा लोंढा ओसरू द्यावा आणि मग दिवाणखान्यातून सावकाश सुरुवात करावी.

दिवाणखाना हा पाहुण्यांसाठी मांडलेला असतो, त्यामुळे तो घरातील सर्वांत कमी बोलका भाग. काचेच्या कपाटात लग्नात मिळालेला बारा माणसांचा चिनी मातीचा संच असतो. पन्नास वर्षांत तो सणावारी तेवढाच बाहेर निघालेला. एके काळी नवविवाहितेने ज्याची मनात इच्छा धरावी असा हा संच आज इतका स्वस्त जातो, की तो बांधायला लागणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांचीच अधिक काळजी वाटावी. नव्या पिढीला भांडी धुण्याच्या यंत्रात चालतील अशा थाळ्या हव्या असतात. सोनेरी काठाची बशी त्या यंत्रात टिकत नाही. उलट स्वयंपाकघरात रोज राबलेल्या पायरेक्सच्या वाडग्यांवर उड्या पडतात. पिवळा, हिरवा, तांबडा आणि निळा असा चार वाडग्यांचा १९४५ मध्ये निघालेला संच पूर्ण सापडला, तर तो मांडणाऱ्याच्या हातून टेबलावर टेकण्याआधीच विकला जातो. जपून ठेवलेल्याला भाव नाही आणि वापरून खरवडलेल्याला आहे, हे पाहून वयस्कर स्त्रिया क्षणभर थबकतात.

ब्रिटानिकाच्या ज्ञानकोशाची गोष्ट याहून केविलवाणी. त्याचे मुख्य कार्यालय शिकागोतच. एकेका घराने हप्त्याहप्त्याने पैसे भरून मुलांच्या शिक्षणासाठी हे खंड घेतलेले. २०१२ मध्ये छापील आवृत्ती बंद झाल्याचे जाहीर झाले. आता विक्रीत तो संच भिंतीशी रांगेत उभा असतो आणि रविवारी संध्याकाळीही तिथेच असतो. याच शहराने या घरांना आणखीही पुष्कळ काही दिले: झेनिथचा रेडिओ, श्विनची सायकल, सनबीमचे मिश्रण घुसळणारे यंत्र, सिअर्सची क्राफ्ट्समन हत्यारे. १८६४ साली निघालेल्या एल्जिनच्या कंपनीची खिशातली घड्याळे तर त्या परिसरातील खणाखणांत मिळतात. कारखाना केव्हाच मिटला. घड्याळाला किल्ली दिली तर ते चालते. सिंगरचे छोटे, पाच किलो वजनाचे, पेटीत बसणारे शिवणयंत्र १९३३ मध्ये शिकागोच्याच जागतिक प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आले. त्याला अजूनही गिऱ्हाईक आहे, आणि ते विकत घेणारी स्त्री बहुतेक वेळा तिथेच खुर्ची ओढून, टीप घालून पाहते.

घराचा खरा स्वभाव कळतो तो तळघरात. शिकागोच्या थंडीत पाया खोल न्यावा लागतो, म्हणून बहुतेक घरांना पूर्ण तळघर असते. आणि वर जागा नसलेल्या सगळ्या गोष्टी, सगळे छंद आणि सगळे अर्धवट बेत खाली उतरतात. कपडे धुण्याच्या हौदाशेजारी टोमॅटो आणि पीच टिकवून ठेवण्याच्या काचेच्या बरण्या. नाताळच्या सजावटीची खोकी, प्रत्येकावर त्याच हस्ताक्षरात लिहिलेले: ‘समोरच्या खिडकीचे’, ‘झाडाच्या टोकाचे’. बेतून कापलेले, टाचण्या लावलेले, पण कधीच न शिवलेले एक झबले. आणि पलीकडच्या भिंतीशी गृहस्थाचे कामाचे टेबल. वरच्या फळीला बाळाच्या खाण्याच्या बाटल्यांची झाकणे खिळ्यांनी ठोकलेली, त्यांत फिरवून बसवलेल्या बाटल्या, प्रत्येकीत वेगळ्या मापाचे स्क्रू. समोर भोके पाडलेली फळी, तिच्यावर हातोडा, पक्कड, करवत यांच्या बाह्यरेषा रंगाने आखलेल्या, म्हणजे कोणी हत्यार नेले तर जागा ओरडून सांगेल. एका घराने पन्नास वर्षांत बसवलेली ही घडी कुठल्याही संग्रहालयात पाहायला मिळत नाही. संग्रहालयात वस्तू निवडून मांडलेल्या असतात. इथे वारसांनी जे नेले नाही ते सगळेच समोर असते. शुक्रवारी सकाळी ती घडी अजून बरीचशी जागेवर असते. शेवटची पाहणारी माणसे अनोळखी असतात.

म्हणूनच या घरांत कसे वावरावे याची एक न लिहिलेली रीत नेहमीच्या लोकांनी पाळलेली दिसते. झोपण्याच्या खोलीत आवाज आपोआप खाली येतो. बंद दारावर ‘विक्रीस नाही’ अशी चिठ्ठी असेल तर ती पाळतात. कपड्यांच्या कपाटातील कोट अंगावर घालून पाहणे क्षम्य. त्याच्या खिशात हात घालणे नाही. त्रिकोणी घडी घातलेला राष्ट्रध्वज, जो सैनिकाच्या अंत्यविधीनंतर कुटुंबाच्या हाती देतात, तो कधी टेबलावर दिसतो तेव्हा पुष्कळजण त्याला वळसा घालून जातात. काही जण मात्र तो मुद्दाम विकत घेतात आणि माजी सैनिकांच्या एखाद्या संस्थेला नेऊन देतात. मराठी घरातून आलेल्या माणसाला पहिल्या खेपेला हे सारेच अप्रशस्त वाटते. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे दान होतात, भांडी नात्यागोत्यात वाटली जातात, उरलेले बोहारणीकडे किंवा जुन्या बाजारात जाते. पण परक्याने उंबरा ओलांडून आत यावे आणि देवघराशेजारच्या फडताळाची किंमत विचारावी, हे कल्पनेतही बसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर ही अढी थोडी सैल होते. वस्तू उचलणारे सगळेच लुटारू नाहीत असे दिसू लागते. नुकतेच घर घेतलेले तरुण जोडपे शिडी आणि बर्फ ओढायचे फावडे घेऊन आनंदाने जाते. मेक्सिकोहून आलेला सुतार क्राफ्ट्समनचा जुना पाना तळहातावर तोलून पाहतो.

आणि शेजारी येतात. हा प्रकार विलक्षण आहे. तीस वर्षे समोरासमोर राहिलेली, रोज हात हलवून अभिवादन केलेली माणसे या घरात पहिल्यांदाच आत येतात. ती विशेष काही विकत घेत नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून आपले घर इकडून कसे दिसते ते पाहतात. कधी पैसे घेणाऱ्या मुलीला सांगतात, ‘ते दर हिवाळ्यात आमच्या दारातले बर्फही काढायचे.’ ती मुलगी मान हलवते. तिने त्या गृहस्थाला पाहिलेले नसते.

घबाड सापडल्याच्या कथांनी मात्र या साध्या पाहण्याचे नुकसान केले आहे. न्यूयॉर्क राज्यात एका कुटुंबाने २००७ मध्ये घरगुती विक्रीतून तीन डॉलरला घेतलेला एक वाडगा हजारेक वर्षांपूर्वीचा चिनी निघाला आणि २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात बावीस लाख डॉलरच्या वर गेला. तेव्हापासून प्रत्येक वाडगा उलटा करून पाहणाऱ्यांची संख्या वाढली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शिकागोची स्वतःची कथा यापेक्षा खोल आहे. व्हिव्हियन मायर नावाची एक स्त्री शहराच्या उत्तरेकडील उपनगरांत श्रीमंतांची मुले सांभाळी आणि सुट्टीच्या वेळी रस्त्यांवर छायाचित्रे काढी. भाड्याच्या गोदामात ठेवलेले तिचे सामान भाडे थकल्यामुळे २००७ मध्ये लिलावात निघाले. त्यात तिच्या निगेटिव्हचा प्रचंड साठा होता. तिच्या एकूण निगेटिव्ह एक लाखाहून अधिक भरतात. खोकी विकत घेणाऱ्यांपैकी जॉन मालूफ या तरुणाने ती जगापुढे आणली, तोवर २००९ च्या एप्रिलमध्ये ती निवर्तली होती. तिच्या कीर्तीचे सर्वांना नवल वाटते. तिच्या हयातीतच तिचे आयुष्य खोक्यांनी विकले गेले आणि तिला कोणी विचारले नाही, याकडे फारसे लक्ष जात नाही.

सर्वसाधारण घरात असले काही निघत नाही. निघतो तो एक पत्र्याचा डबा. तो बहुधा डॉलर-दोन डॉलरच्या टेबलावर, दागिन्यांच्या खोट्या माळांच्या शेजारी असतो. बर्विनच्या घरात त्यात चेक भाषेतील पत्रे असतात, शिकागोच्या दुसऱ्या एखाद्या भागात पोलिश. बारीक, उजवीकडे झुकलेले अक्षर, जुनी तिकिटे. सोबत एक प्रार्थनेचे पुस्तक, एक जपमाळ, पाककृती लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांची पेटी. त्या चिठ्ठ्यांवर निम्मे शब्द इंग्रजी, निम्मे मूळ भाषेतले, लोण्याचे डाग पडलेले. तिकिटे जमवणारा डबा उघडतो, तिकिटे पाहतो, पत्रे तशीच ठेवतो. टेबलाभोवतीच्या वीस माणसांपैकी ती वाचू शकेल असा एकही नसतो. मुलेही ती वाचू शकली नाहीत, म्हणून तर डबा इथवर आला. निष्काळजीपणाचा आरोप त्यांच्यावर करणे सोपे आहे. पण न वाचता येणारा कागद किती पिढ्यांनी, किती घरे बदलताना बरोबर न्यावा, याचे उत्तर कोणाजवळ आहे?

श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात शेत, घर, सोने-रुपे, धनधान्य यांच्याबरोबर भांडी-वस्त्रांचीही मोजदाद येते. ती यादी ज्याची त्याने हयातीत, स्वतःच्या तोंडाने करायची असते. या घरांतही यादी होते, सुई-दोऱ्यापर्यंत काटेकोर होते. फक्त ती उशिरा होते आणि परक्याच्या हाताने होते.

आता ही विक्री एकेक वर्तुळ बाहेर सरकत आहे. बंगल्यांतील पहिली पिढी कधीच गेली; युद्धानंतरच्या बैठ्या घरांतील पिढीही सरत आली. पुढचे वर्तुळ शॉमबर्ग आणि नेपरव्हिलचे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियाई लोकांना मोकळे झाले, तेव्हा परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात जेमतेम आठ डॉलर घेऊन निघालेले भारतीय अभियंते आणि डॉक्टर इथे आले. बेल लॅब्ज, मोटोरोला, आर्गोनची प्रयोगशाळा, रुग्णालये यांत त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. त्यांत मराठी माणसे पुष्कळ. त्यांनी घेतलेली घरे आज पन्नाशीकडे झुकली आहेत आणि ते स्वतः ऐंशीकडे. रविवारी बार्टलेटच्या जैन मंदिराकडे किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना चौकातील बाणाची पाटी त्यांना दिसते. काही जण वळून आत जातात. तिथे ते पायरेक्स शोधत नसतात हे त्यांच्या चालण्यावरून कळते. ते खोल्या मोजत असतात.

कारण त्यांच्या घरात काय निघेल हे त्यांना ठाऊक असते. स्वयंपाकघरात मसाल्याचा गोल डबा, पोळपाट-लाटणे, सोऱ्या, पुरणयंत्र. एकदा भारतातून येताना अंगावरच्या कोटात गुंडाळून आणलेला पितळी खलबत्ता. तळघरात पेटी, नाट्यसंगीताच्या कॅसेटी, दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि स्वतःच्या हाताने ठोकलेल्या फळ्यांवर तीनशे-चारशे मराठी पुस्तके. मुले उत्तम निघाली, कॅलिफोर्नियात किंवा टेक्ससमध्ये असतात, मराठी समजतात, थोडे बोलतात, वाचत नाहीत. खलबत्ता ती नेतील, कारण तो दिसायला सुंदर आहे. पुस्तकांचे काय, हा प्रश्न जेवणानंतर निघतो आणि विषय बदलतो.

आणखी एक अडचण आहे, जी चेक किंवा पोलिश घराला नव्हती. अमेरिकन भांडे उलटे केले तर तळाशी ते बनवणाऱ्याचे नाव असते. किंमत ठरवणारा ते वाचतो आणि आकडा लिहितो. मराठी घरातील स्टीलच्या डब्यावर, पातेल्यावर, तांब्यावर नाव असते ते ज्याचे भांडे त्याचे. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव, कधी कोणाकडून आले ते, कधी लग्नाची किंवा मुंजीची तारीख. आत्याकडचा डबा, मामांनी दिलेली परात. दुकानदाराच्या मशीनखाली दोन मिनिटांत टकटक करून उमटलेली ही अक्षरे म्हणजे त्या घराची वंशावळच. नेपरव्हिलच्या टेबलावर त्या डब्याला जी चिठ्ठी लागेल ती गुळगुळीत जागा पाहून, बहुधा नेमकी नावावरच लागेल, कारण चिठ्ठी लावणाऱ्याला ती अक्षरे नक्षीसारखी वाटतील.

काही घरांत याचा विचार सुरू झाल्याच्या खुणा दिसतात. कोणी नातीला समोर बसवून डब्यांवरची नावे वाचून दाखवतो आणि ती आपल्या फोनवर ते बोलणे साठवते. कोणी छायाचित्रांच्या पाठीवर इंग्रजीत नावे लिहून ठेवतो. मराठी अक्षर वाचले जाणार नाही हे मान्य करून. कोणी पुस्तकांची यादी करतो, परिचितांना पाठवतो, आणि मग एकेकाची तीच यादी आपल्याकडे येऊ लागल्यावर थांबतो. हे सगळे फार थोड्या घरांत होते. बाकीच्यांना वाटते अजून अवकाश आहे, आणि कदाचित तो असेलही.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास घरात पावलांचा आवाज घुमू लागतो. गालिचे गेलेले असतात. भिंतीवर चित्रांच्या जागी गडद चौकोन, जमिनीवर कपाटाच्या पायांचे चार खड्डे. उरलेले कपडे आणि भांडी धर्मादाय दुकानाच्या गाडीत चढतात, कागदाचे गठ्ठे कचऱ्याच्या डब्यात. घर झाडून दलालाच्या ताब्यात द्यायचे असते. काही गोष्टी विकता न आल्यामुळे राहतात. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने ओढलेल्या, मुलांच्या उंचीच्या आडव्या रेषा राहतात. नवा मालक त्या रंगवून टाकील. तळघरातील भोके पाडलेली फळी भिंतीलाच पक्की बसवलेली असते, म्हणून ती तिथेच असते. हत्यारे पहिल्याच दिवशी गेली. फळीवर हातोड्याची रेघ, पक्कडीची रेघ, करवतीचे लांब पाते, सगळे आपापल्या जागी.

मग मदतनीस मुलगी चौकात जाऊन बाणाच्या पाट्या उपटते आणि गाडीच्या मागच्या भागात टाकते. त्यांच्यावर पत्ता लिहिलेला नसतो. पुढच्या शनिवारी त्याच चालतात.